तळटीप : ‘कोमेट’

* मेसरश्मिट एमई १६३. लेखकाने याला सरसकट ‘जेट’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. जेट इंजिन बाहेरची हवा ओढून घेते. हे रॉकेट-विमान प्राणवायूची सोय हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रूपाने सोबतच नेई. आराखडा अलेक्झांडर लिपिश यांचा. २ ऑक्टोबर १९४१ रोजी हाइनी डिटमार यांनी प्रायोगिक नमुना ताशी १००० किलोमीटरच्या पुढे नेला. लढाईत मात्र विमान उतरले १९४४ मध्ये. इंधन जेमतेम आठ मिनिटांचे. उडताच चाके खाली टाकायची, परतताना इंजिनाविना तरंगत येऊन पोटाखालच्या पट्टीवर घसरत टेकायचे. जोराचा दणका बसला आणि टाक्यांतले उरलेसुरले द्रव एकत्र आले, की स्फोट. पेरॉक्साइड साध्या कापडावर सांडले तरी ते पेटे, म्हणून वैमानिकांचा पोशाखही कृत्रिम धाग्याचा असे. — संपा.