कोरडी बंदूक : तेल पुसून टाकण्याचा इतिहास

बंदूक म्हटली की तेल आलंच, असं आपल्याला वाटतं. युद्धपटातला सैनिक जरा निवांत झाला की चिंधीला तेल लावून रायफल पुसायला बसतो. पण इतिहासात असेही प्रसंग आहेत, जिथे बंदूक चालली ती तेल पुसून टाकल्यामुळे. आजची पोस्ट त्याबद्दल, म्हणजे कोरड्या वंगणाबद्दल.

सुरुवात मॉस्कोपासून करू. डिसेंबर १९४१. पारा उणे ३० अंशांच्याही खाली गेलेला. जर्मन सैन्याकडचं नेहमीचं तेल आणि ग्रीस थंडीनं घट्ट झालं आणि मशीनगनचे सरकते भाग हलेनासे झाले. मोहीम हिवाळ्याआधीच संपेल असं वरिष्ठांनी गृहीत धरलं होतं, त्यामुळे थंडीत टिकणारं वंगण पुरेसं पोचलंच नव्हतं. याउलट, १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडचे सैनिक तयारीनं उतरले होते. जास्तीचं तेल पुसून काढायचं, लागलंच तर रॉकेल मिसळून पातळ करायचं, आणि बंदूक उबदार खोलीत आणायची नाही. का? थंडगार लोखंडावर खोलीतली वाफ धरते आणि पुन्हा बाहेर गेलं की तिचा बर्फ होतो.

पण लोखंडावर लोखंड नुसतं घासलं तर झीज होणार. इथे कामाला येतात ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड. दोन्ही काळसर, दोन्ही थरांचे. थर एकमेकांवरून पत्त्यांसारखे सरकतात, म्हणून हाताला गुळगुळीत लागतात. शतकानुशतकं लोक या दोघांत गल्लत करत होते. १७७८ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं हे दोन वेगळे पदार्थ असल्याचं दाखवलं.

गंमत म्हणजे त्यांचे स्वभावही उलटे आहेत. ग्रॅफाइट निसरडं राहायला हवेत थोडी आर्द्रता लागते. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश भराभर झिजून भुकटी होऊ लागले, तेव्हा हे ठळकपणे लक्षात आलं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड मात्र निर्वातातही काम करतं. दमट हवेत उलट त्याचा निसरडेपणा कमी होतो. शिवाय ग्रॅफाइट अॅल्युमिनियमला लागून राहिलं आणि वर खारा ओलावा असला, की अॅल्युमिनियम गंजतं. एम-१६ सारख्या रायफलचा सांगाडाच अॅल्युमिनियमचा असतो! आणि कोरडी भुकटी दारूची काजळी काढत नाही, ते काम हातानंच करावं लागतं.

आता इराक. २३ मार्च २००३ रोजी नासिरिया शहरात अमेरिकेच्या ५०७ व्या मेंटेनन्स कंपनीचा ताफा रस्ता चुकला आणि हल्ल्यात सापडला. ११ सैनिक मारले गेले. अनेकांची शस्त्रं ऐन वेळी अडकली. वाळवंटात सैनिकांनी शस्त्रांची वैयक्तिक देखभाल नीट केली नसावी, असं कारण लष्कराच्या अहवालात आलं. सैनिकांमध्ये वाद पेटला : तेलामुळे वाळू चिकटते, मग कोरडंच का नको?

ऐकायला पटतं ना? मलाही पटलं होतं. पण २००६-०७ मध्ये लष्करानं मुद्दाम धुळीत रायफली झाडून पाहिल्या, तेव्हा हलक्या तेलापेक्षा भरपूर तेल लावल्यावर त्या कमी अडकल्या. धूळ चिकटते हे खरं, पण तेल पुरेसं असलं तर भाग तरीही सरकत राहतात. म्हणजे फिनलंडच्या बर्फातला धडा इराकच्या धुळीत जसाच्या तसा चालला नाही.

तेव्हा ‘ओलं की कोरडं?’ याला एकच उत्तर नाही. ते हवेवर, धातूवर आणि हाताशी काय आहे यावर ठरतं. त्यातलं शेवटचं सैनिकाच्या हातात नसतं. मॉस्कोबाहेर गारठलेल्या शिपायानं कितीही निगा राखली असती, तरी बर्लिनहून न निघालेलं वंगण त्याला मिळणार नव्हतं. म्हणून एखाद्या अहवालात ‘देखभालीत कसूर’ असे शब्द दिसले, की मी आधी पुरवठ्याच्या याद्या शोधते : त्या तुकडीला कोणता डबा दिला होता, आणि तो कुठल्या हवेसाठी बनवला होता?