फुप्फुस किती कापायचं?

मी मूळची मिरजेची, नोएडात छातीची फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ड्रेनच्या नळीसकट खाटेवरून उतरवायचं आणि स्पायरोमीटरमध्ये श्वास ओढायला लावायचा, हे माझं काम. त्यातल्या तीन गोळ्यांवर 600, 900, 1200 असे आकडे असतात. कुणाची पहिलीच गोळी हलत नाही, कुणाच्या दोन चटकन वर जातात. फुप्फुस किती काढलं आणि छाती कशी उघडली, याचा त्यात मोठा वाटा असतो.

कर्करोगासाठी पूर्ण फुप्फुस एकाच बैठकीत काढून रोगी पहिल्यांदा बरा झाला, तो 5 एप्रिल 1933 रोजी, अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये. जेम्स गिलमोर स्वतः डॉक्टर, वय 48. सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहम यांचा बेत फुप्फुसाचा एकच खंड (लोब) काढण्याचा होता. पण गाठ अशा जागी होती की डावं फुप्फुस सगळंच काढावं लागलं. पोकळी बुजावी म्हणून सात बरगड्याही काढल्या. गिलमोर पुढे तीस वर्षं जगले. ग्रॅहम मात्र 1957 साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. सिगारेटचा या रोगाशी असलेला संबंध त्यांनीच 1950 मध्ये अर्न्स्ट वाइंडर यांच्यासोबत दाखवून दिला होता. हे वाचलं की मला अजून चुटपुट लागते.

पुढे खंडापुरतं कापणं, म्हणजे लोबेक्टमी, रूढ झालं. त्याहून कमी कापलं तर? 1995 मध्ये 247 रोग्यांच्या चाचणीत, कमी कापलेल्यांत रोग त्याच जागी जास्त वेळा उलटलेला दिसला, आणि तो विषय बरीच वर्षं मिटल्यासारखा झाला. पुढे सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी दिसू लागल्या आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. जपानच्या 1106 रोग्यांच्या चाचणीचा निकाल 2022 मध्ये आला: गाठ 2 सेंटिमीटरपर्यंत असेल तर खंडाचा एक भागच काढलेल्यांपैकी 94.3 टक्के पाच वर्षांनी हयात होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी 91.1 टक्के. रोग त्याच बाजूला उलटण्याचं प्रमाण मात्र दुप्पट, 10.5 विरुद्ध 5.4 टक्के. वाचलेला श्वासही अपेक्षेपेक्षा थोडाच. 2023 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीनेही लहान गाठींसाठी कमी कापणं पुरतं, असंच सांगितलं.

माझ्या वॉर्डात जाणवतो तो दुसरा फरक. बरगड्या फाकवून उघडलेला माणूस खोकायलाही घाबरतो, उशी छातीशी दाबून धरतो. दुर्बिणीने ऑपरेशन केलेला बहुधा त्याच संध्याकाळी खुर्चीत बसतो. म्हणून नातेवाइकांना मी सांगते, सर्जनला दोन्ही विचारा: किती काढणार, आणि कुठून?

पण 2 सेंटिमीटरची गाठ इथे सापडते किती जणांत? आमच्या मिरजेला वान्लेसवाडीचं क्षयरुग्णालय. खोकला म्हटलं की घरात पहिला धसका टीबीचा, कर्करोगाचा विचार मागाहून. नोएडातही तेच. इथे सेक्टर 39 मध्ये कर्करोग प्रतिबंधाची राष्ट्रीय संस्था आहे. पण सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, फुप्फुस नाही. तेव्हा टीबीच्या गोळ्या सुरू करताना थुंकीत जंतू सापडले का, हे विचारा. नसतील, आणि दोन महिन्यांनीही एक्स-रेमधली सावली तशीच असेल, तर सीटी करून घ्या.