परळची लस आणि गांवठी कोंबडी

इतिहास म्हटला कीं आपल्यापुढें गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. परंतु खुराड्यालाही इतिहास असतो, आणि त्यांतील कांहीं पानें आपल्या परळांतच उघडतात, असें मीं म्हटलें तर गिरगांव-दादरचे सुशिक्षित श्रोते हंसतील. तरीही आज हाच विषय मुद्दाम घेतला आहे. कारण चाळीमागच्या अंगणांत दाणे टिपणारी गांवठी कोंबडी शहरांतून जवळजवळ नाहींशी झाली, आणि तिच्याबरोबर नेमकें काय गेलें याचा विचार फारसा कोणीं केला नाहीं.

कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा. ती माणसाळल्याचा अत्यंत जुना असा खात्रीचा पुरावा थायलंडांतील बान नॉन वाट येथें मिळतो, व तो ख्रिस्तपूर्व १६५० ते १२५० या काळांतला आहे, असें २०२२ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. भातशेती सुरू झाली, दाणे सांडूं लागले आणि त्या लोभानें हा पक्षी माणसाच्या दारीं आला, असा त्यांचा तर्क आहे. कोंकणांतलें खळें ज्यानें पाहिलें आहे त्याला हा तर्क पटवून द्यावयास नको. आपल्या दृष्टीनें याहून गोड गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय व कातडी पिवळी असते. हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याचा नव्हे. तो आपल्या सह्याद्रींत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या जातीकडून आलेला आहे, हें २००८ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांच्या तपासणींत दिसून आलें. म्हणजे जगांतील किती खुराड्यांत आपल्या घाटाचें रक्त असेल पाहा!

मुंबईंत कोळी आणि ईस्ट इंडियन वस्त्यांना कोंबडी परकी नव्हती. कार्ल्याच्या एकवीरेला कोंबडा देण्याची चाल कोळ्यांत अजून आहे. पुढें गिरण्या आल्या, आणि कोंकणांतून आलेल्या कामकऱ्यानें लालबाग-परळास कोंबडी-वड्यांची चव आणली. पांढरपेशा गिरगांवांत मात्र अंडें शिरलें तें बहुधा डॉक्टरच्या सल्ल्याआडून, आणि त्याचें भांडेंही निराळें असे. अंड्याला औषध म्हटलें कीं विटाळ कसा नाहींसा होतो, हें मला आजपर्यंत उमगलें नाहीं.

आतां परळाकडे वळूं. १८७९ च्या सुमारास लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा अभ्यास करीत होते. कांहीं दिवस तसेंच पडून राहिलेलें जंतूंचें द्रावण कोंबड्यांना टोंचलें, तेव्हां त्या आजारी पडल्या पण मेल्या नाहींत. पुढें ताजें, जहाल द्रावण टोंचलें तरीही त्या जगल्या. प्रयोगशाळेंत जंतु सौम्य करून लस बनविण्याची विद्या येथून निघाली. त्याच पाश्चरांच्या संस्थेंत काम केलेले हाफकिन १८९६ च्या प्लेगांत मुंबईस आले. जानेवारी १८९७ मध्यें त्यांनीं आपली लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली, आणि १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. हाफकिनची लस मारलेल्या जंतूंची होती, ही गोष्ट खरी. परंतु घराणें एकच. ज्या लशीनें आपल्या पणज्यांचे प्राण वांचले तिच्या वंशावळींत वर कुठेंतरी एक कोंबडी बसलेली आहे.

त्याच परळांत १८८३ सालीं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, व १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. परंतु त्या काळच्या पशुवैद्यकाचें लक्ष घोड्याबैलांवर. तें साहजिकच होतें. मुंबईची ट्राम १९०५ पर्यंत घोडेच ओढीत होते. कोंबडी मेली तर म्हातारीचें नुकसान, सरकारचें नव्हे! ही उपेक्षा पुढें महागांत पडली. १९२६ सालीं जावा बेटांत आणि इंग्लंडांत न्यूकॅसल येथें एक नवा रोग दिसला, आणि लवकरच तो कुमाऊंतील राणीखेत येथें आढळून तेंच नांव त्याला आपल्याकडे चिकटलें. आपले खेडूत त्याला मानमोडी म्हणतात, कारण पक्षाची मान मुरगळल्यासारखी वांकडी होते. सांथ आली कीं आठवडाभरांत सारें खुराडें रिकामें. १९४० नंतर मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेंत हाच विषाणु कोंबडीच्या अंड्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य करण्यांत आला व त्याची लस झाली. पाश्चरांचीच युक्ति, आणि या वेळीं ती कोंबडीच्या उपयोगीं पडली.

१९७१ सालीं पुण्यास वेंकटेश्वरा हॅचरीज निघाली, आणि अंडीं कारखान्याच्या हिशेबानें निघूं लागलीं. गांवठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडीं देते, तेथें संकरित पांढरी कोंबडी ३०० च्या घरांत जाते. गरिबाच्या ताटांत अंडें आलें तें यामुळें, आणि त्याबद्दल मी तक्रार करणार नाहीं. पण त्या निवडींत कोंबडीचें खुडूक होणें हा दोष ठरला व तो काढून टाकण्यांत आला. शिवाय एका छपराखालीं हजारों पक्षी म्हणजे रोगालाही मेजवानीच. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हां मोठ्या फार्मांतील पक्ष्यांबरोबर आसपासच्या आदिवासी घरांच्या दारांतील कोंबड्याही मारण्यांत आल्या. ज्या बाईची अडीनडीची पुंजी त्या चार कोंबड्यांत होती, तिच्या घरीं पुन्हा तोच वाण येणें सोपें नव्हतें.

अलीकडे गांवीं थोडी जमीन घेऊन गिनी कोंबड्या पाळण्याची हौस पुष्कळ शहरवासीयांना लागली आहे. हा करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला आफ्रिकेचा पक्षी. तो किडे व गोचिडी टिपतो, रात्रीं झाडावर बसतो, आणि परका माणूस दिसतांच असा कलकलाट करतो कीं कुत्र्याची गरज भासूं नये. दादरच्या चाळींत तो एक दिवसही खपला नसता! पण त्याची मादी अंडीं गवतांत लपवून घालते, पिलांना दंवांतून हिंडविते, आणि ओलीनें तीं नाजूक पिलें पटापट दगावतात. म्हणून जाणते लोक तिचीं अंडीं उचलून दुसरीखालीं ठेवतात. कोंबडीचीं अंडीं २१ दिवसांत फुटतात, हीं २६ ते २८ दिवस घेतात. तेवढे दिवस जागेवरून न हलणारी खुडूक गांवठी कोंबडी जवळ नसेल, तर हौसेच्या माणसाला विजेचें उबवणी-यंत्र विकत घ्यावें लागतें.