दात्यांवरील खुणा
लोखंडी नांगरापासून आरंभ करून तेलाच्या एंजिनापर्यंत मजल मारणाऱ्या सातारा मुलखात दोन कारखान्यांचे स्मरण प्रथम होते: सर धनजीशा कूपर यांचा सातारारोडचा, आणि औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० साली वसलेल्या, आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या किर्लोस्करवाडीचा. कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. विहिरीवरच्या कुणब्याला मात्र त्या हुद्द्यापेक्षा एंजिनाचेच अगत्य अधिक असावे. अशा चार-स्ट्रोक एंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच पुरा होतो. म्हणून या दोहोंना जोडणाऱ्या दातेरी चक्रांपैकी एकाचा खुणेचा दाता दुसऱ्याच्या खुणावलेल्या दोन दात्यांमध्ये नेमका बसल्याखेरीज जाणता मिस्त्री झाकण लावीत नाही, कारण एका दात्याची चूकही झडपा अवेळी उघडविते, आणि हँडल मारून हात दुखले तरी एंजिन नुसता धूर ओकते.