उतारावरची ‘मॅश’

कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला पेटलं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलं. तीन वर्षं आणि वर एक महिना. त्या युद्धातल्या एका फिरत्या लष्करी रुग्णालयावर बेतलेली ‘मॅश’ ही अमेरिकी विनोदी मालिका सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ ला सुरू झाली ती २८ फेब्रुवारी १९८३ पर्यंत चालली. अकरा पर्वं! पडद्यावरचे डॉक्टर पिकत गेले, आणि लढाई होती तिथेच राहिली. चौथ्या पर्वात रुग्णालयाचे नवे प्रमुख कर्नल पॉटर १९५२ च्या सप्टेंबरात रुजू होतात असं स्पष्ट सांगितलंय. नवव्या पर्वातल्या एका भागात तेच पॉटर १९५१ च्या नववर्षाचं स्वागत करतात. रुजू व्हायच्या आधीच हजेरी; आमच्या मस्टरवर असं कधी खपलं नसतं.

मी ओटी सिस्टर. नोकरी सगळी सरकारी रुग्णालयांत झाली, त्यातली बहुतेक ऑपरेशन थिएटरमध्ये. अमेरिकेतल्या भाच्यानं कधीतरी ‘मॅश’च्या डीव्हीडींचा अख्खा संच आणून दिला होता. तेव्हा ड्यूट्या सांभाळून तुकड्यातुकड्यांनी पाहिली. निवृत्तीनंतर सलग पाहिली आणि या मालिकेबद्दल जे मत सगळीकडे ऐकू येतं त्याच्याशी माझं काही जमेना.

ते मत असं, की पहिली तीन-चार पर्वं अस्सल, पाचव्यापासून घसरण, आणि आठव्यानंतर नुसती प्रवचनं. त्याला कारणंही आहेत. रिचर्ड हूकर या टोपणनावानं एका सर्जननं १९६८ मध्ये कादंबरी लिहिली, तिच्यावर रॉबर्ट ऑल्टमननं १९७० मध्ये सिनेमा काढला, आणि लॅरी गेल्बार्ट या लेखकानं ते सगळं छोट्या पडद्यावर आणलं. पहिल्या वर्षी प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत मालिका ४६ वी होती, बंदच पडायची. मग जम बसला. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी मॅक्लीन स्टीव्हन्सन आणि वेन रॉजर्स हे दोन मोठे नट गेले. स्टीव्हन्सनचा कर्नल ब्लेक सुटी होऊन घरी निघतो आणि त्याचं विमान पाडलं जातं. रेडार हा पोरगेला कारकून ती बातमी थेट ऑपरेशन चालू असताना आत येऊन वाचतो. पटकथेचं ते शेवटचं पान नटांच्या हाती ऐन चित्रीकरणाच्या वेळी पडलं होतं. चौथ्या पर्वानंतर स्वतः गेल्बार्ट गेला. पाचव्यानंतर निर्माता जीन रेनॉल्ड्स गेला आणि फ्रँक बर्न्स झालेला लॅरी लिनव्हिलही गेला. आठव्यात रेडार गेला. उरला तो अ‍ॅलन आल्डा. तोच नायक हॉकआय, पुढे पुढे तोच लेखक आणि दिग्दर्शकही.

माझ्या मते यातलं खरं नुकसान फ्रँक बर्न्सचं. तो वाईट सर्जन होता, भित्रा आणि चहाडखोर, वर धर्माच्या गप्पा मारणारा. विनोदी नाटकाला असा एक माणूस लागतोच. त्याच्या जागी चार्ल्स विंचेस्टर आला. हा बॉस्टनचा खानदानी. गर्विष्ठ खरा, पण हाताला अप्रतिम कसब, आणि शास्त्रीय संगीताचा दर्दी. लेखनाच्या दृष्टीनं पात्र वरच्या दर्जाचं, पण त्यानंतर त्या छावणीत वाईट असं कोणी राहिलंच नाही. क्लिंगर हा शिपाई वेडाचं सोंग घेऊन सुटका व्हावी म्हणून बायकांचे झगे घालायचा. रेडारच्या खुर्चीवर बसल्यावर त्यानं तेही सोडलं. सगळे शहाणे झाले, सगळे एकाच तऱ्हेनं कोट्या करायला लागले. टाके घालता घालता एकानं शाब्दिक कोटी करायची, समोरच्यानं तिच्यावर दुसरी. खऱ्या थिएटरात विनोद होतात, पण ते गाठ बसल्यावर होतात, रक्त वाहत असताना नाही.

तेवढ्यासाठी गेल्बार्टला मानलं पाहिजे. वाहिनीनं हुकूम काढला होता की मागून ध्वनिमुद्रित हशा हवाच. त्यानं भांडून एवढं मिळवलं की ऑपरेशनच्या दृश्यांत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तर तो अजिबात वाजवला नाही. माझ्या डीव्हीडींवर हशा बंद करायची सोय आहे, आणि ती वापरून पाहिल्यावर एक गंमत झाली. सुरुवातीची पर्वं एकदम उघडी पडली. हशा होता तोवर जे खट्याळ वाटत होतं ते पुष्कळदा नुसतं आचरट निघालं. मागच्या पर्वांना त्या हशाची फारशी गरजच नव्हती.

एक उदाहरण देते, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. तिसऱ्या पर्वात पेनिसिलिनच्या चोरीचा एक भाग आहे. कर्नल फ्लॅग हा हेरखात्यातला उपद्व्यापी गृहस्थ अडचणीचा होतो, म्हणून हॉकआय आणि रॉजर्सचा ट्रॅपर त्याचं अपेंडिक्स काढून त्याला खाटेवर झोपवतात. अपेंडिक्सला काही झालेलं नाही. सगळ्यांना मजा वाटते, भाग संपतो. सातव्या पर्वात तोच डाव पुन्हा येतो. एक कर्नल आपल्या माणसांना बेदरकारपणे मरायला पाठवतोय. त्याला आघाडीपासून दूर ठेवायचं म्हणून हॉकआय त्याचं निरोगी अपेंडिक्स काढायचं ठरवतो. या वेळी ट्रॅपरच्या जागी आलेला बी. जे. हनिकट आडवा येतो: निरोगी शरीराला चाकू लावायचा नाही, कारण कितीही चांगलं असो. हा वाद कथेत आला तो आल्डा आणि बी. जे. झालेला माइक फॅरेल यांचं खरोखरच एकमत होईना म्हणून. हॉकआय शेवटी ऑपरेशन करतोच. ते संपतं तोवर बाहेर नवे जखमी येऊन पडलेले असतात, म्हणजे कर्नल गेला तरी लढाई थांबलेली नाही.

ज्यांना उतार म्हणायचंय त्यांनी म्हणावं, इथे हसू कमी झालं, उपदेश वाढला. मी इन्स्ट्रुमेंट ट्रॉलीच्या बाजूनं पाहते. संमतीविना पोट उघडणं तिसऱ्या पर्वात गंमत होती, सातव्यात ते पाप झालं. मला दुसरं पटतं. (आणि दोन्ही वेळा आत सिस्टर असणारच, चिमटे हातात देणारी. तिला कोणीच विचारत नाही. हे मात्र अगदी खऱ्यासारखं आहे.)

नर्सेसची हीच गोष्ट मला लावून धरायची आहे, कारण ‘मॅश’च्या इतिहासात ती तळटिपेसारखी येते. पहिल्याच भागाचं कथानक आठवा. हो-जॉन नावाच्या कोरियन पोराला अमेरिकेत कॉलेजला पाठवायला पैसे हवेत, म्हणून डॉक्टर लोक सोडत काढतात. बक्षीस काय, तर टोकियोत दोन दिवस, सोबत लेफ्टनंट डिश ही नर्स. तिकीट लागतं ते छावणीतल्या धर्मगुरूंना, फादर मल्काहींना, आणि हशा पिकतो. पुढच्या पर्वांत नर्सेसना नावंही धड नाहीत. नर्स एबल, नर्स बेकर. लष्करी बिनतारी संदेशांत ए आणि बी या अक्षरांसाठी जे शब्द वापरत तेच उचलून पोरींना लावले, आणि आज एबल झालेली नटी उद्या बदलली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये अशी सोय. वरिष्ठ मेजर मार्गारेट हुलिहान, तिला सगळ्यांनी चावट टोपणनावानंच हाक मारायची.

आता त्या काळच्या कोरियात खरं काय चाललं होतं? फिरती शस्त्रक्रिया रुग्णालयं आघाडीच्या अगदी मागे तंबूंत उभी होती. हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून जखमी आणायला तिथेच मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. रुग्णालयात जिवंत पोचलेल्या जखमींपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात साधारण साडेचार टक्के होतं, कोरियात ते अडीचवर आलं. आपल्या लष्कराची ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्सही लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली १९५० च्या अखेरीपासून तिथे होती, आणि मार्च १९५१ मध्ये तिच्यातले काही जण अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर मुन्सानला उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. असा आकडा खाली आणायला सर्जनचा हात लागतो, तसं रात्रभर ऑटोक्लेव्ह चालू ठेवणारं, मॉप मोजणारं आणि पोस्ट-ऑपला नाडी धरून बसणारं माणूसही लागतं. मालिकेच्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या वर्षांत ते माणूस दारूच्या पार्टीत दिसतं.

बदल सुरू झाला तो बायका लिहायला बसल्या तेव्हा. लिंडा ब्लडवर्थ आणि मेरी के प्लेस यांनी दुसऱ्याच पर्वात मार्गारेटच्या एकटेपणावर एक भाग लिहिला होता. पाचव्या पर्वात, १९७६ मध्ये, ब्लडवर्थचा नर्सेसवरचा भाग आला. मार्गारेट आपल्या हाताखालच्या मुलींवर फुटते: मी तुमच्याशी कडक वागते म्हणता, पण कधी एक कप कॉफी प्यायला तुमच्यात बोलावलंत का? मेट्रन-सिस्टर या नात्याची मला पूर्ण माहिती आहे. दोन्ही खुर्च्यांवर बसलेय. ते दृश्य लिहिणारीनं कुठेतरी जवळून पाहिलंय, नाहीतर कॉफी सुचली नसती. पुढे मार्गारेटचं लग्न होतं, मोडतं, फ्रँकचं सावट जातं, ते टोपणनाव विरत जातं, आणि उरते एक कामाला वाघ असलेली मेजर. लोरेटा स्विटला यातल्या कामासाठी १९८० आणि १९८२ ला एमी पुरस्कार मिळाले. ही सालं पाहा. दोन्ही ‘घसरणी’तली.

त्याच वर्षांतले आणखी दोन भाग मी थिएटरमध्ये नवीन आलेल्या मुलींना दाखवले असते. एका भागात कॅमेरा हाच जखमी सैनिक आहे. गळ्याला इजा, बोलता येत नाही, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी वर वाकलेले चेहरे पाहतो. दुसऱ्यात पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू आहे. महारोहिणी फाटलेला जवान वीस मिनिटांत वाचवायचा, आणि त्यासाठी लागणारा रक्तवाहिनीचा तुकडा शेजारच्या खाटेवर मरू घातलेल्या दुसऱ्या जवानाकडून यायचाय. त्याचा मित्र तिथेच उभा. हा भाग आल्डाबरोबर मालिकेचे वैद्यकीय सल्लागार वॉल्टर डिशेल यांनी लिहिला, आणि ते कळतं.

सगळंच असं नाही. नवव्या-दहाव्या पर्वांतले कित्येक भाग मी भाजी निवडत पाहिले आणि काही हुकलं नाही. हॉकआय भाषण देतो, सगळे ऐकतात, कोणीतरी पत्रात घरी लिहून कळवतो. आल्डाला आपण बरोबर असल्याची फार खात्री होती. अडीच तासांचा शेवटचा भाग सुमारे साडेदहा कोटी लोकांनी पाहिला म्हणतात. मला त्यातला मधला तास लांबला असं वाटतं. नंतर पॉटर, क्लिंगर आणि फादर यांना घेऊन ‘आफ्टरमॅश’ काढली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

पण अकराव्या पर्वाचा पहिला भाग, २५ ऑक्टोबर १९८२. केली नाकाहारा ही हवाईची नटी वर्षानुवर्षं या मालिकेत मागे उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मास्क बांधून ट्रे देणारी. शंभराहून जास्त भागांत ती आहे आणि तुम्हाला बहुधा आठवत नाही. या भागात ती हॉकआयला थेट विचारते, की इतक्या दिवसांत तू माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाहीस, ते का. मग तो तिला एका मरणाऱ्या सैनिकाजवळ बसलेली पाहतो. नायकाला त्याच्याच मालिकेत एका नर्सकडून हे ऐकून घ्यावं लागतं, आणि हे लिहिण्यात आल्डाचाही हात आहे. लेफ्टनंट डिशची सोडत काढणारी मालिका इथवर यायला दहा वर्षं लागली.

तेव्हा कोणी सांगितलं की ‘मॅश’ चौथ्या पर्वापर्यंत पाहा आणि थांबा, तर ऐकू नका. आठवं पूर्ण पाहा, नववं-दहावं चाळा, आणि अकराव्याचा पहिला भाग हशा बंद करून पाहा.