केंद्र : पराणीच्या टोकाची गोष्ट

दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या सरकारी पाट्यांवर ‘केंद्रशासित प्रदेश’ ही अक्षरे दिसतात. २ ऑगस्ट १९५४ हा या भागाचा मुक्तिदिन. १९६१ साली हा मुलूख केंद्रशासित झाला. यातला ‘केंद्र’ शब्द इतका आपला वाटतो, की तो ग्रीसहून आला यावर चटकन विश्वास बसत नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘केन्ट्रॉन’, म्हणजे टोचणारे टोक. बैलाला टोचायची पराणीही केन्ट्रॉनच. वर्तुळ काढताना कंपासचे टोक जिथे रुतते, त्या बिंदूलाही ग्रीक भूमितीने हेच नाव दिले. ग्रीक ज्योतिषाबरोबर ते संस्कृतात आले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त केंद्र आहे. कुंडलीतली पहिली, चौथी, सातवी आणि दहावी ही स्थाने म्हणजे केंद्रस्थाने.

पुढे भूमितीतला मध्यबिंदू राज्यकारभाराचाही मध्यबिंदू झाला. आज आरोग्य केंद्र, मतदान केंद्र, परीक्षा केंद्र अशी नावे खेड्यापाड्यांत रुळली आहेत. शब्द ज्ञानासोबत येतात आणि घरचे होऊन राहतात. आपल्या पूर्वजांनी यवनांची, म्हणजे ग्रीकांची, विद्या मोकळ्या मनाने स्वीकारली. तो मोकळेपणा या दोन अक्षरांनी जपला आहे.