रस्ता रुंद झाला, चालणाऱ्याचे काय?

शहरातील रस्त्यांवर पादचारी व सायकलस्वारांना हक्काची जागा मिळावी, ही मागणी पुण्यात अनेक वर्षांपासून होत आहे. पुण्याच्या दक्षिणेकडील भोर आणि नैर्ऋत्येकडील वेल्हे या तालुक्यांत मात्र हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा आहे. पुणे-सातारा महामार्गावरून कापूरहोळमार्गे भोरकडे आणि नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाणारे रस्ते पुणेकरांच्या दृष्टीने राजगड, तोरणा, भाटघर आणि वरंधा घाटाच्या सहलीचे मार्ग आहेत. स्थानिक रहिवाशांसाठी मात्र ते शाळा, बाजार, दवाखाना आणि एसटी थांब्याकडे पायी जाण्याचे मार्ग आहेत. दोन्हींसाठी डांबरी पट्टा एकच असून, त्यावर चालणाऱ्यासाठी स्वतंत्र जागा बहुतेक ठिकाणी नाही.

या उणिवेची किंमत जिवाने मोजावी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते. म्हणजेच मृतांमधील जवळपास दर पाचवी व्यक्ती पायी चालणारी होती.

जबाबदारी कोणाची?

पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या भोर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ हजार होती. शहरातील अंतर्गत रस्ते नगरपरिषदेच्या अखत्यारीत येतात. वेल्हे तालुक्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ५४ हजार होती आणि ती सर्व ग्रामीण होती. या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. राज्यात सर्वसाधारणपणे राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. त्यामुळे गावाच्या मध्यातून जाणारा रस्ता अनेकदा गावाच्या ताब्यात नसतो. पदपथाची मागणी नेमकी कोणाकडे करायची, हे आधी जाणून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुपदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारणपणे सात मीटर धरली जाते. मोकळ्या माळावर तिच्या दोन्ही बाजूंना साइडपट्टी राहते. गावठाणात मात्र घरे व दुकाने जागची हलत नाहीत. रुंदीकरणात नाहीशी होते ती साइडपट्टी, म्हणजेच चालणाऱ्याची जागा. पुढे डांबराचे थरावर थर चढत गेले की रस्ता उंच होतो आणि कडेला खोल खाच तयार होते. समोरून ट्रक आला तरी सायकलस्वाराला खाली उतरता येत नाही.

पुण्याचा अनुभव

भोरकडे जाणाऱ्या सातारा रस्त्याच्याच पुणे शहरातील भागात २००६ च्या अखेरीस बीआरटीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यात सायकल मार्गांचाही समावेश होता. हे मार्ग सलग राहिले नाहीत. कोठे वाहने उभी राहिली, कोठे खांब आडवे आले, तर कोठे चौकापाशी मार्गच संपला. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी मिळाली. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ झाले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' पाळण्यात आला.

या अनुभवाचे सार असे, की पदपथाच्या लांबीपेक्षा त्याची सलगता महत्त्वाची असते. दहा पावलांवर रस्त्यावर उतरावे लागणारा पदपथ लोक वापरत नाहीत. आणि वापर नसलेल्या जागेवर अतिक्रमण होण्यास वेळ लागत नाही.

अरुंद वाटेचा धोका केवळ वाहनांमुळेच निर्माण होतो, असेही नाही. भोरलगतच्या वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० भाविकांचा मृत्यू झाला. डोंगरावरील मंदिराकडे जाणारी वाट अरुंद होती आणि तिच्या दुतर्फा दुकाने होती. चालण्याच्या वाटेची रुंदी ही केवळ सोयीची बाब नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

निकष काय सांगतात?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची हवी. बाजारपेठेत ही रुंदी किमान २.५ मीटर असावी. पदपथाची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. अन्यथा वृद्धांना व अपंगांना तो चढता येत नाही. विजेचे खांब, डीपी, फलक आणि झाडांचे आळे यांची जागा या मोकळ्या रुंदीबाहेर असली पाहिजे.

भोरसारख्या जुन्या गावात एवढी जागा सर्वत्र मिळणार नाही. तेथे दोन उपाय शक्य आहेत. उघड्या गटारांवर मजबूत व समपातळीत झाकणे टाकल्यास कडेची पट्टी चालण्यास मिळते. ज्या गल्लीत तेही शक्य नसेल, तेथे वाहनांचा वेग मर्यादित ठेवणे हाच पर्याय उरतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ६० किलोमीटर वेगाच्या धडकेत ३० किलोमीटरच्या चौपट ऊर्जा असते. पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही नमूद आहे. गावाच्या वेशीवर प्रमाणित गतिरोधक, शाळेसमोर उंचावलेले क्रॉसिंग आणि रस्ता अरुंद होत असल्याची स्पष्ट खूण यांसाठी मोठा निधी लागत नाही.

सायकल: खेळाची आणि गरजेची

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यानिमित्ताने जिल्ह्यातील अनेक रस्ते गुळगुळीत झाले. गुळगुळीत रस्ता सायकलला सुखावह असतो. पण त्यावर मोटारींचा वेगही वाढतो. शर्यतीच्या दिवशी वाहतूक थांबविता येते. रोज शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती थांबत नाही.

ग्रामीण भागात सायकल काय घडवू शकते, हे बिहारने दाखविले आहे. तेथे २००६ पासून माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्यात आल्या. या योजनेमुळे मुलींच्या शाळाप्रवेशाचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. शाळा दूर असलेल्या गावांना तिचा लाभ अधिक झाला. वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या वेल्ह्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. मात्र सायकल हाती आली, तरी ती चालविण्याजोगी कडेची पट्टी नसेल, तर पालक मुलीला रस्त्यावर पाठविण्यास धजावत नाहीत.

नागरिकांच्या हाती काय?

पादचाऱ्यांसाठी योग्य पदपथ असणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. पदपथ अपंगांनाही वापरता यावेत आणि अतिक्रमणमुक्त असावेत, असेही न्यायालयाने म्हटले आहे. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक तयार होतानाच ग्रामसभेने ठराव करून पदपथ व साइडपट्टीची मागणी नोंदविल्यास ती आराखड्यात येऊ शकते. काम पूर्ण झाल्यावर केलेली तक्रार सहसा पुढील निधीची वाट पाहत राहते. मंजूर आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

पदपथ नसलेल्या रस्त्यावर शक्यतो उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालावे. गडांकडे जाणाऱ्या शहरवासीयांनी गावाच्या हद्दीत वेग कमी करावा आणि साइडपट्टीवर वाहन उभे करू नये. ही पट्टी रिकामी दिसत असली, तरी स्थानिकांसाठी तोच पदपथ असतो. भोर शहरात अंतरे अजून पायी जाण्याजोगी आहेत आणि वेल्ह्यात अनेक रस्त्यांच्या कडेला आजही जागा शिल्लक आहे. ती जागा डांबराखाली जाण्यापूर्वी राखून ठेवणे, हे नंतर मिळविण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.